आठवीतच ठरवा, दहावीत नाही

ताई, मुलगी आठवीत आहे, खो-खो आणि कथक दोन्ही चालू आहे, मग दहावीपर्यंत अभ्यासासोबत हे कसं जमवायचं, असं तुम्ही विचारलंत. घाबरू नका. माझ्या दोघांना घेऊन मी यातून गेलेय. क्लासपेक्षा जास्त वेळ खातो तो प्रवास. आमचा नाचाचा क्लास उत्तम होता, पण जाऊन-येऊन दीड तास! घराजवळचा धरला तेव्हा आठवड्याला चार तास मोकळे झाले.

गांधर्वच्या (गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायन-वादन-नृत्याच्या) परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. पुढची परीक्षा नववीतच उरकता आली तर बघा. दहावीला शास्त्रीय कलांचे आणि खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत बोर्डाकडे जावा लागतो. नियम बदलतात, म्हणून जूनमध्येच शाळेत विचारा. प्रमाणपत्रांची एकच फाइल ठेवा. आमचं एक ऐनवेळी माळ्यावर सापडलं!

शालेय स्पर्धा नेमक्या सहामाहीच्या तोंडावर येतात. तेव्हा रियाज कमी करा, झोप कमी करू नका. आणि 'गुणांसाठी कर' असं तिला म्हणू नका हो. माझ्या मुलाने तेवढ्यावरूनच तबला सोडला.