कवटी मोजायच्या आधी

कॅलिपर, म्हणजे मापं घ्यायचा चिमटा, हातात घ्यायची घाई नको. आधी बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जा आणि निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे निवांत उभा राहा. नाकाची भोकं शोध: तोंडाच्या टोकाला नाही, पार मागे, माथ्याकडे सरकलेली दिसतील. जबड्याची हाडंही मागे लांबत गेली आहेत. उत्क्रांती म्हणतात ती ही, उघड्या डोळ्यांनी दिसणारी.

मग शेळीची आणि कुत्र्याची कवटी शेजारी ठेव. शेळीच्या डोळ्याभोवती हाडाचं कडं पूर्ण असतं. कुत्र्याचं मागे तुटलेलं, जिवंतपणी तिथे नुसता अस्थिबंध, म्हणजे हाडं जोडणारा चिवट पट्टा. लगेच ‘शिकारी म्हणून’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. आकारामागे शिकारीइतकाच पूर्वजांचा वारसाही असतो, आणि वयही! कवटीच्या सांध्यांच्या रेषा मोकळ्या दिसल्या तर जनावर लहान होतं, वेगळ्या जातीचं नव्हे. नवखे इथेच फसतात.

प्रत्येक माप निदान दोनदा घे, दुसऱ्यांदा पहिला आकडा झाकून. फोटोत पट्टी हवीच, आणि कॅमेरा फार जवळ नको, नाहीतर थोबाड उगाच मोठं येतं.

रानातली कवटी मात्र परवानगीशिवाय उचलू नकोस. 1972 चा वन्यजीव कायदा हौस बघत नाही. खाटकाकडे माग, तो हसेल, पण देईल.