ख्रिस्ती माणूस आत्मिकदृष्ट्या प्रौढ झालाय हे कशावरून ओळखायचं?

बायबलची वचनं तोंडपाठ असण्यावरून तर नक्कीच नाही. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, कृपादानांची (देवाच्या आत्म्याने दिलेल्या खास देणग्यांची) कमतरता नव्हती, पण 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' असे प्रचारकांच्या नावाने तट पडले होते. प्रेषित पौलाने पत्रात त्यांना सरळ बाळं म्हटलं, अजून दुधावरची (करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 3). चर्च कमिटीच्या निवडणुका बघितल्यात ना? मग जास्त सांगायला नको.

उलट चित्र पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रात आहे. पौल कैदेत, आणि बाहेर काही जण निव्वळ हेव्यापोटी, त्याला आणखी मनस्ताप व्हावा म्हणून प्रचार करतायत. तो म्हणतो, हेतू काही का असेना, ख्रिस्ताची घोषणा होतेय ना, मला आनंदच आहे. दुसऱ्याचं नाव झालं तरी पोटात न दुखणं, माझ्या मते सगळ्यात अवघड कसोटी हीच.

तिसऱ्या अध्यायात तो आपण अजून पूर्ण झालेलो नाही हे मोकळेपणाने सांगतो, आणि प्रौढांनीही हीच वृत्ती ठेवावी म्हणतो. चौथ्यात, भरल्या पोटी आणि उपाशीपोटीही समाधानी राहायला शिकलोय म्हणतो, पण फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदतही मनापासून स्वीकारतो. घेण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.