मध गोळा होतो, बनतो की पिकतो?

प्रश्न असा आला आहे: ‘मुलांसाठीच्या एका मजकुरात “मधमाशी फुलांतून मध गोळा करते” असं वाक्य होतं. एकाने “मध बनवते” असं सुधारायला सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं, मध म्हणजे माशीची ओकारीच, तर तसंच लिहा. बरोबर क्रियापद कोणतं? आणि मधमाशा की मधमाश्या?’

क्रियापदाच्या आधी कर्म तपासू. फुलात मध नसतोच. फुलात असतो तो मकरंद, काही पुस्तकांत त्याला मधुरस म्हणतात. पातळ, पाणचट, बहुधा निम्म्याहून जास्त पाणीच. पराग त्याहून वेगळा. ती कोरडी भुकटी, माशी मागच्या पायांवर गोळ्या करून नेते. तेव्हा ‘गोळा करते’ हे क्रियापद मकरंदाला आणि परागाला चालेल, मधाला नाही. गुऱ्हाळवाला शेतातून गूळ तोडून आणत नाही, ऊस आणतो.

घोळ मुळात संस्कृतातल्या ‘मधु’ने घातला आहे. तो मधही आणि फुलातला रसही. म्हणून एकाच कीटकाला ‘मधुप’ म्हणजे मधु पिणारा आणि ‘मधुकर’ म्हणजे मधु करणारा, अशी दोन्ही नावं मिळाली. पितो तो मकरंद, करतो तो मध! (मधुकर, मकरंद, मिलिंद, पराग असे चौघे एकाच मराठी घरात सापडले तर नवल वाटायला नको. मिलिंद म्हणजे भुंगा, आणि तो मात्र मध साठवत नाही.) ‘माधुकरी’तही हीच माशी आहे, घरोघरी थोडं थोडं घेणारी. पण माधुकरीच्या झोळीत शिजलेलं अन्न पडतं, माशीच्या पदरात शिधा. खरं काम घरी आल्यावर सुरू होतं.

आणि इथे वचनाचा मुद्दा येतो, जो मला क्रियापदापेक्षा महत्त्वाचा वाटतो. एक माशी मध करूच शकत नाही. बाहेरून आलेली माशी मधपिशवीतला मकरंद पोळ्यावरच्या दुसऱ्या माशीला सोंडेला सोंड लावून देते आणि परत फुलांकडे जाते. घेणारी माशी एका बाजूला जाऊन बसते, मकरंदाचा थेंब तोंडातून बाहेर काढते, सोंडेवर पसरवते, परत आत ओढते. हे पुन्हा पुन्हा, मिनिटामागून मिनिटं. दरवेळी थोडं पाणी उडतं, आणि माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींचा स्राव त्यात मिसळतो. त्यातलं इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) मकरंदातल्या सुक्रोज या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या साखरांत रूपांतर करतं. मग तो घट्टसर रस षट्कोनी घरांत ठेवला जातो आणि बाकीच्या माशा पंखांनी वारा घालत राहतात. पोळ्यात 34-35 अंश सेल्सिअसची ऊब असतेच. पाणी 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आलं की घराच्या तोंडावर मेणाचं झाकण बसतं.

यावरून ओकारीचंही उत्तर मिळतं. ओकारी पोटातून येते. मधपिशवी जठराच्या अलीकडे असते आणि मधे झडप असते. माशीला भूक लागली तर थोडा मकरंद झडपेतून पुढे पोटात जातो, पण पुढे गेलेला मागे येत नाही. पोळ्यात पोचतो तो न पचलेला. तेव्हा ‘ओकारी’ हा शब्द किळस आणायला ठीक, वर्णन म्हणून चूक.

आता ‘बनवणे’. चूक नाही, पण मला त्यात कारखान्याचा वास येतो. मधपाळ ज्याला ‘पिकलेला मध’ म्हणतात तो झाकण बसलेला, आणि उघड्या घरांतला तो ‘कच्चा’. कच्चा काढला तर त्यात पाणी जास्त राहतं आणि यीस्टमुळे तो फसफसतो, आंबतो. म्हणून मधपेटीतल्या चौकटीवरची बरीचशी घरं झाकली गेल्याशिवाय जाणता माणूस मध काढत नाही. अलीकडे दुकानांत ‘कच्चा मध’ ही शिफारस म्हणून छापलेली दिसते; तिथे अर्थ ‘न तापवलेला’ असा असतो, इंग्रजीवरून उचललेला. एकाच शब्दाचा पोळ्याजवळ दोष आणि बाटलीवर गुण! ‘न तापवलेला’ असं सरळ छापायला काय हरकत आहे, कळत नाही.

तशीच गफलत ‘जांभळाचा मध’, ‘हिरड्याचा मध’ यांत होते. महाबळेश्वरकडून आणलेल्या बाटलीत जांभळाचा रस घातलाय का, असं लोक खरंच विचारतात. तो ‘चा’ फळाचा नाही, फुलोऱ्याचा. त्याच डोंगरांत कारवीचा मध मिळायला सात-आठ वर्षं थांबावं लागतं, कारण कारवी फुलतेच तेवढ्या अंतराने. 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं मांघर याच भागातलं.

तर मजकुरासाठी माझी सूचना: ‘मधमाशी फुलांतून मकरंद आणते, पोळ्यातल्या माशा त्याचा मध करतात.’ ‘पिकवतात’ केलंत तर आणखी छान, मुलांना आंबा आठवेल.

शेवटचं, माशा की माश्या. मिशी-मिशा, उशी-उशा, तसं माशी-माशा. ‘माश्या’ही सर्रास लिहितात आणि त्याला एक कारण सांगता येतं: ‘माशांचे प्रकार’ या शीर्षकाखाली पापलेट येणार की आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाशांच्या जाती, हे वाचकाला आधी कळत नाही. मागे ‘मध’ जोडला की ती अडचण उरत नाही, म्हणून मी ‘मधमाशा’ लिहितो.