वडील ॲडमिट आहेत आणि हॉस्पिटल पूर्ण फाईल देत नाही. मुलाला ती मागता येते का?

‘डिस्चार्ज कार्ड मिळेल की’ म्हणून टोलवतात असं तुम्ही लिहिलंय. फाईल मागता येते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली की ७२ तासांत कागद द्यावे लागतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

पण काय झालंय ते वडिलांना माहीत आहे का, हे तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात कुठेच नाही.

आमचे आप्पा सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणायचे. पोट दुखतंय म्हणून ॲडमिट केलं. बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी दादाला केबिनमध्ये बोलावलं. दादा बाहेर आला तो ठरवूनच: आप्पांना अल्सर म्हणायचं. पुढे डॉक्टर राउंडला आले की कॉटपाशी उभे राहून दादाशीच बोलायचे. आप्पा एकदा म्हणाले, “साहेब, पोट माझं दुखतंय.” “आराम करा बाबा,” म्हणून साहेब पुढच्या कॉटकडे गेले.

चौथ्या दिवशी सलाईन बदलताना दोन सिस्टर आपसांत तेलुगूत बोलल्या. कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय, घरच्यांनी सांगितलेलं नाही. आप्पांचा अख्खा जन्म पद्मशाली कारागिरांच्या शेजारच्या मागावर गेलेला. तेलुगू त्यांना घरच्यासारखी यायची.

रात्री मला विचारलं, “रिपोर्टात काय आलंय गं?” मी म्हटलं, अल्सर. “बरं,” म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवली.

केमोला आम्ही ‘ताकदीचं सलाईन’ म्हणालो. फॉर्मवर सही दादाची. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची संमती त्याच्याकडूनच, पुरेशी माहिती देऊन घ्यायची, हे सुप्रीम कोर्टाने २००८ सालीच सांगितलेलं आहे. सात आठवड्यांत आप्पा गेले. घर आईच्या नावावर करायचं तसंच राहिलं. सिस्टरांचं बोलणं आईने तेराव्यानंतर सांगितलं, तोवर आप्पांनी तिला शपथ घातली होती.

दादा अजून म्हणतो, कळलं असतं तर आधीच खचले असते. कळलं होतं रे. आपल्याला बरं वाटावं म्हणून ते अल्सरचे पेशंट होऊन पडून राहिले, मनातलं बोलायला एक आई सोडली तर कोणी नव्हतं. ‘त्यांना कळू देऊ नका’ असं डॉक्टरांना सांगायचा हक्क मुलांना कोणी दिला? मुलगा बिल भरतो म्हणून आजार त्याच्या मालकीचा होत नाही.

पेशंट स्वतःच ‘मला नका सांगू’ म्हणाला तर गोष्ट वेगळी, तेही त्याचंच ऐकायचं. आणि हॉस्पिटलवर कागद सांभाळायचं बंधन तीन वर्षांचंच आहे, तेव्हा अर्ज लांबवू नका. त्या अर्जावर सही मात्र वडिलांची घ्या, आणि सही घेण्याआधी तो त्यांना वाचून दाखवा.