म्युनिकहून १९७२ च्या फोक्सवॅगन कॅम्परने इटलीला जायचंय, पन्नास वर्षं जुनी गाडी झेपेल का?

झेपेल. पण निघण्याआधी पेट्रोलचे रबरी पाइप बदला, मग बाकीचं बघा. इंजिन मागे आहे, हवेवर थंड होणारं (इथे नेहमीचं १६०० सीसीचं इंजिन धरलंय). जुना पाइप तडकून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकलं की आग लागते, आणि इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असल्याने ती विझवणं फार अवघड. पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर एक दिवसही थांबू नका.

दुसरं म्हणजे पट्टा. बॅटरी चार्ज करणारा डायनामो आणि इंजिन थंड करणारा पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. म्हणून चालवताना चार्जिंगचा लाल दिवा लागला तर 'बॅटरीचं बघू पुढच्या गावात' असं अजिबात करू नका. पट्टा तुटला असेल तर इंजिन काही मिनिटांत भाजून निघेल. लगेच बाजूला घ्या. जादा पट्टा, २१ मिमीचा पाना आणि मोठा स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवा, आणि पट्टा बदलायचा सराव घरीच करा.

व्हॉल्व्हचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) इंजिन पूर्ण थंड असताना ०.१५ मिमी ठेवा. ऑइल ताजं. टायरवरच्या चार आकडी कोडमध्ये तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, नक्षी चांगली दिसली तरी ते वाचा.

आल्प्स ओलांडायला ब्रेनर घाट घ्या, उंची जेमतेम १,३७० मीटर. मला तिथे मोटरवेपेक्षा जुना बी१८२ रस्ताच आवडतो, मागून ट्रक अंगावर येत नाहीत. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालचा गिअर टाका. सपाटीवर ताशी ८०-९० किमी पुरे.