नामिबियाच्या खडीच्या रस्त्यावर बायकोच्या हातात गाडी द्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: डिसेंबरात तुम्ही दोघंच नामिबियाला निघालाय, स्वतः गाडी चालवत वाळवंट फिरणं जमेल का, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी) लागतेच का, आणि "मिसेसना गाडी येते, पण खडीच्या रस्त्यावर त्यांना चालवू द्यावी का?"

शेवटच्याचं उत्तर आधी. द्या. आणि "चालवू द्यावी का" हा सूरच मला खटकला. लायसन्स त्यांचं, हात त्यांचे, मग परवानगी तुमची कशाला?

आता एवढं चिडून का लिहितोय ते सांगतो. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलं मार्गी लागल्यावर आम्ही दोघंच पहिल्यांदा परदेशात गाडी घेऊन फिरलो ते नामिबियात. माझे एक साडू आहेत. त्यांचं वाळवंट म्हणजे दुबई. दुपारी हॉटेलवरून उचलणार, अर्धा तास वाळूत गाडी उडवणार, उंटाबरोबर फोटो, मग बार्बेक्यू, रात्री परत हॉटेल. त्यांनी निघायच्या आधी बजावलं होतं, ग्रुप टूरनं जा, नाहीतर ड्रायव्हर घ्या, आणि काहीही झालं तरी हिच्या हातात गाडी देऊ नकोस.

ही मंगळवेढ्याची. काळ्या रानात वाढली, लग्नाआधीपासून ट्रॅक्टर चालवते. पावसाळ्यात त्या चिकट मातीत ज्यानं ट्रॅक्टर बाहेर काढलाय त्याला चाक कधी घसरणार हे बसल्या जागी कळतं. मी डांबरावरचा गडी. पुण्यापर्यंत एका दमात नेईन, पण चाकाखालची जमीन हलायला लागली की माझी मूठ आवळते. म्हणून वाटणी घरूनच ठरवून निघालो: डांबर माझं, खडी तिची. यात कमीपणा कसला? कारखान्यातही ज्याला जे मशीन जमतं त्यालाच त्यावर उभं करतो.

तिथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडं, त्यामुळं ती धास्ती नको. राजधानी विंडहुकहून रेहोबोथ गावापर्यंत नव्वदेक किलोमीटर झकास डांबर आहे. तिथून सेस्रीमकडं, म्हणजे लाल वाळूच्या टेकड्यांच्या फाटकाकडं, वळलं की खडी सुरू, आणि ती काही संपत नाही. देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. माणसं 2023 च्या जनगणनेत 30 लाख. आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्यात 2011 सालीच 43 लाख होती! त्यामुळं रस्ता मोकळा दिसतो, सरळ दिसतो, पाय आपोआप दाबला जातो. लोक सिंहाला भितात, चोराला भितात. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या तिथं उलटतात त्या मात्र वेगामुळं. खडीवर कायद्यानं 100 चालतं म्हणे, पण बऱ्याच भाड्याच्या कंपन्या करारातच 80 लिहितात, गाडीत वेग नोंदवणारं यंत्रही बसवतात. 80 च्या वर जाऊन गाडी उलटली तर विमा हात वर करतो. मी म्हणतो 70 च धरा.

सततच्या रहदारीनं खडीवर आडव्या लाटा उठलेल्या असतात, अगदी पन्हाळी पत्रा. तिथं स्टिअरिंग आवळून धरायचं नाही, सैल धरायचं, गाडी जरा नाचू द्यायची. ब्रेक जोरात मारायचा नाही. वळण यायच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात नाही. समोरून गाडी आली की डावीकडं सरकून हळू व्हायचं, कारण धुरळ्यात काही क्षण काहीच दिसत नाही आणि उडालेला खडा थेट काचेवर येतो. हे सगळं मी तिच्याकडं बघून शिकलो.

सॉलिटेअर या वाळवंटातल्या छोट्या वस्तीहून वॉल्व्हिस बे बंदराकडं जाताना क्वीसेबची खिंड लागते. दुसऱ्या महायुद्धात हेन्नो मार्टिन आणि हर्मान कॉर्न हे दोघे जर्मन भूशास्त्रज्ञ नजरकैद टाळायला एक कुत्रा घेऊन या दरीत शिरले आणि दोन वर्षांहून जास्त तिथं शिकारीवर जगले. कॉर्न आजारी पडला म्हणून 1942 मध्ये बाहेर आले. मी हे हिला मोठ्या उत्साहानं सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, जरा गप बसा, मागचं चाक वेगळं बोलतंय."

मला काहीही ऐकू येत नव्हतं. मग फडफड सुरू झाली. तिनं ब्रेकला पाय लावला नाही. नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ ठेवलं आणि गाडी आपोआप मंदावेपर्यंत चालू दिली. डाव्या बाजूला सपाट जागा बघून थांबवली. मागचा डावा टायर, बाजूच्या भिंतीला बोटभर काप. तळाला खिळा असता तर पंक्चर काढता आलं असतं, बाजूच्या कापाला इलाज नाही.

जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खडीत खाली गेला. दुसऱ्यांदा लावला, परत तेच. हिनं मागच्या डब्यातून भाजी चिरायचा जाड लाकडी पाट काढला (गाडीबरोबर स्वयंपाकाचं सामान मिळतं), तो जॅकखाली सरकवला. पाट कड्‌कड् वाजला पण टिकला. नट आधी जमिनीवर चाक असतानाच सैल करायचे, हे मला माहीत होतं, पण ते इतके घट्ट होते की पान्यावर उभं राहून उड्या माराव्या लागल्या. सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेला माणूस मी, उन्हाचं कौतुक मला सांगू नका, पण तिथं सावली नावालाही नाही आणि घाम यायच्या आधीच वाळतो. तहान कळत नाही, डोकं दुखायला लागल्यावर कळते.

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबला. म्हातारा गोरा शेतकरी, मागे कुत्रा. न विचारता थांबला, तिकडं ही पद्धतच आहे. काचेतूनच विचारलं, पाणी आहे का? आहे म्हटलं. मग उतरून आमच्या दुसऱ्या स्टेपनीला अंगठ्यानं दाबून बघितलं, मान हलवली आणि निघून गेला. दुसऱ्या स्टेपनीत हवा आहे का, हे निघताना आमच्या लक्षात आलं असतं की नाही देव जाणे. नंतर आम्ही कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खाल्ली आणि पुढं हिनंच गाडी काढली. (कडक भाकरी न्याच. बरेच दिवस टिकते, उन्हानं काही होत नाही, आणि वाळवंटात दुकान शोधायची वेळ येत नाही.)

आता साडू. परत आल्यावर एका बारशात, जेवणाच्या पंगतीत, चारचौघांत म्हणाले, "बाईच्या हातात गाडी दिली की टायर फुटणारच." ही वाढत होती, ऐकून काही बोलली नाही. मी बोललो, पण दुसऱ्याच्या कार्यात किती बोलणार? म्हणून इथं लिहितो. गाडी परत करताना भाड्याच्या कंपनीच्या माणसानं टायर फिरवून बघितला आणि कागदावर कारण लिहिलं: दगडानं कापला. वेगाची नोंद त्यांच्याकडं होतीच, त्यावर एक शब्द काढला नाही. कागद माझ्याकडं आहे. साडूंना झेरॉक्स हवी असेल तर पाठवतो. आणि फुटलेल्या चाकावर ब्रेक न मारणं दुबईच्या अर्ध्या तासात कुणी शिकवत नाही.

असो. फोर बाय फोर. सोसुसव्लेईसाठी (लाल वाळूच्या टेकड्यांमधलं कोरडं तळं) म्हणाल तर सेस्रीमच्या फाटकापासून साठेक किलोमीटर चक्क डांबर आहे, साधी कार जाते. शेवटचे पाच किलोमीटर मात्र खोल वाळू. तिथं फोर बाय फोरशिवाय शिरायचं नाही, पण पैसे देऊन तिथल्या गाडीनं जाता येतं. म्हणजे वाळूसाठी लागतेच असं नाही. खडीसाठी मात्र उंच गाडी आणि दोन स्टेपन्या असल्या तर जीव शांत राहतो. आम्ही डबल कॅब (चार दारांची पिकअप) घेतली होती, वाळूत शिरताना टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली आणि हिनं न थांबता नेली. खडीवर 26 च्या आसपास ठेवायची, डांबरावर आलं की परत भरायची.

सूर्य वर यायच्या आत आत जायचं असेल तर सेस्रीमच्या फाटकाच्या आतल्या कँपमध्ये मुक्काम करा, त्यांना बाहेरच्यांपेक्षा तासभर आधी सोडतात. तिथंच जवळ डेडव्लेई नावाचं कोरडं तळं आहे, त्यातली बाभळीच्या जातीची झाडं मरून सहाशेहून जास्त वर्षं झाली, तरी उभी आहेत, कारण कुजायलाही ओल लागते. पांढरी जमीन, काळी झाडं, मागं लोखंडाच्या गंजानं लाल झालेली वाळू. फोटो कितीही बघितले असले तरी जा.

डिसेंबरात देशाच्या आतल्या भागात उकाडा असतो, पण समुद्रकाठच्या स्वाकोपमुंडला स्वेटर लागेल. समुद्रात बेंगेला नावाचा थंड प्रवाह आहे, त्यामुळं सकाळी दाट धुकं. तेव्हा तिकडं सुट्ट्या असतात, खोल्या आत्ताच ठरवा. (तिथल्या खोलीतला टॉवेल मी उलटून बघितला, धंद्याची खोड. किनार बरी होती, वजन कमी.) सॉलिटेअरनंतर वॉल्व्हिस बेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या वर पेट्रोल पंप नाही. दिसेल त्या पंपावर टाकी भरा, रोख जवळ ठेवा. अंधार पडल्यावर चालवायचं नाही, कुडू नावाचं मोठं हरीण रस्त्यावर उडी मारतं आणि ते गाईएवढं असतं. विंडहुकमध्ये गाडीत सामान दिसेल असं ठेवू नका, तिथं काचा फोडतात.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, पण टायर आणि काचेचं वेगळं कव्हर जास्तीचे पैसे देऊन घ्याच. साध्या विम्यात बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी नसतात. आमचा टायर आम्हीच भरला.

आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोघांचाही काढा. आरटीओत फॉर्म 4ए, माणशी 1000 रुपये, एक वर्ष चालतो. भाड्याच्या करारात दुसरा चालक म्हणून मिसेसचं नाव काउंटरवरच घालून घ्या, वाटेत आठवून उपयोग नाही. नाव नसताना त्यांनी चालवली आणि काही झालं, तर विमा एक पैसा देणार नाही, आणि मग माझ्या साडूंसारख्यांना आयतं कोलीत मिळेल.