सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, इतका जवळ होऊनही लायगोला (अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या डिटेक्टरांना) लहरी का दिसल्या नाहीत? सिद्धांत चुकलाय का?

नाही चुकला. एसएन 2023 आयएक्सएफ या सुपरनोव्हाबद्दल ‘सिद्धांत चुकला’ हा निष्कर्ष इतक्यांदा वाचलाय, की आता सविस्तरच लिहितो.

हा स्फोट झाला ती एम 101 दीर्घिका सुमारे 2.2 कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. नेहमीच्या, न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या रेट्यानं होणाऱ्या स्फोटाची लहर सध्याचे डिटेक्टर साधारण आपल्या आकाशगंगेपुरतीच पकडू शकतात. लायगोच्या डेटात या लहरी धुंडाळून त्यांच्या ऊर्जेवर जी वरची मर्यादा मिळाली ती 82 हर्ट्झ वारंवारतेला सूर्याच्या वस्तुमानाच्या एक दहाहजारांश भागाएवढी. मॉडेलांचा आकडा त्याहून हजार पटींहून लहान आहे. मग सिद्धांत तपासला गेलाच कुठे?

खरा घोळ वेळेचा. जपानी हौशी खगोलनिरीक्षक इटागाकींना हा स्फोट 19 मे 2023 ला दिसला. लायगोचा चौथा निरीक्षण टप्पा सुरू झाला 24 मेला. त्याआधी उपकरणं चाचणीत होती. गाभा नेमका कधी कोसळला हे प्रकाशावरून ठरवणं अवघड, कारण तांबड्या महाराक्षसी ताऱ्यात धक्का पृष्ठभागापर्यंत यायलाच कित्येक तास जातात. म्हणून लहर आली असेल असा 5 दिवसांचा काळ, म्हणजे खिडकी, धरली. त्यातला जेमतेम 14 टक्के काळ, म्हणजे 120 पैकी सतराएक तास, किमान दोन डिटेक्टर एकत्र चालू होते.

म्हणूनच, लहरी सापडाव्यात म्हणून काही जण देतात तो ‘आधी चांगलं मशीन लर्निंग आणा’ हा सल्ला मला पटत नाही. सुपरनोव्हाच्या लहरीला कृष्णविवरांच्या टकरीसारखा ठरलेला साचा नसतो. गाभ्यातल्या खळबळीमुळे प्रत्येक सिम्युलेशनमध्ये लहरीची कला (फेज) वेगळी येते. टिकतो तो फक्त सेकंदभरात शंभरेक हर्ट्झवरून हजाराकडे चढणारा वारंवारतेचा पट्टा. त्यामुळे वेव्हलेट नकाशात, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे हे दाखवणाऱ्या चित्रात, दोन्ही डिटेक्टरांत एकदम वाढलेली ऊर्जा शोधावी लागते, आणि उपकरणातले ग्लिच, म्हणजे क्षणिक गडबडीही हुबेहूब तसेच दिसतात. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या लायगोच्या दोन डिटेक्टरांमधलं अंतर कापायला लहरीला जास्तीत जास्त 10 मिलिसेकंद लागतात. एकाचा डेटा काही सेकंद सरकवा, मग जे जुळेल ते नक्की खोटं. असं पुन्हापुन्हा करून पार्श्वभूमी, म्हणजे निव्वळ योगायोगानं किती जुळण्या होतात ते, मोजा. या विषयात शिरायचं असेल तर लायगोचा खुला डेटा घेऊन आधी हेच करा, मशीन लर्निंगचं न्यूरल नेटवर्क नंतर शिकवा.

अर्थात, प्रचंड वेगानं फिरणारा गाभा बराच दूरवरूनही दिसू शकेल. आणि आपल्याच आकाशगंगेत स्फोट झाला, तर जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो-डिटेक्टरला दिसणारे न्यूट्रिनो ही 5 दिवसांची खिडकी सेकंदाच्या आसपास आणतील. तेव्हा डिटेक्टर चालू असणं एवढंच महत्त्वाचं. हिंगोलीतल्या औंढ्याला होणाऱ्या लायगो-इंडियाकडून मला हीच अपेक्षा आहे: एक जास्तीचा चालू डिटेक्टर, आणि अमेरिकेतल्या जवळपास समांतर जोडीच्या हातून निसटणारं लहरीचं दुसरं ध्रुवीकरण (कंपनाची दुसरी दिशा).